अडीच सूत

'नाही मिळत हो आता.' आपल्याकडच्या सगळ्यात खोट्या वाक्यांची स्पर्धा ठेवली, तर 'पाच मिनिटांत पोचतोय'च्या खालोखाल याचाच नंबर लागेल. का, ते सांगतो.

मुदखेडला काकांकडे महिंद्राची जुनी जीप आहे. विलीजच्या डिझाइनची, तीन गिअरची. एके काळी पहाटे फुलांची पोती घेऊन स्टेशनवर जायची. गेल्या दिवाळीत तिचा गिअरबॉक्स खोलला. मिस्त्रीचाचांनी सगळं धुऊन, बेअरिंगं बदलून ठेवलं आणि शेवटी वरच्या झाकणाचे दोन बोल्ट गायब! चुलतभाऊ म्हणाला, "हिचं सामान मिळत नाही आता. भंगारात काढू." काका काही बोलले नाहीत. उठून ओट्यावर जाऊन बसले.

मी म्हटलं थांबा, घरात एक बी.ई. मेकॅनिकल आहे. (डिग्री मेकॅनिकलची, नोकरी जावाची. असो.)

शिल्लक बोल्टला व्हर्नियर लावला. आठ मिलिमीटरला किंचित कमी. म्हणजे एम-८, जरा झिजलेला! कोपऱ्यावरून एम-८ आणला. तीन-चार आटे मस्त गेला, मग अडकला. मी काय केलं असेल? पाना लावला आणि जोर केला. चाचा चहा टाकून धावत आले, "अरे बेटा, ये अढाई सूत का है!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. एम-८ पासून केसाएवढा लांब. पण या बोल्टला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर अंतर. एम-८ ला १.२५. प्रत्येक आट्याला चूक साचत जाते आणि चौथ्या-पाचव्याला बोल्ट भोकाचे आटे खायला लागतो. आपल्या देशानं मेट्रिकचा कायदा १९५६ मध्ये केला, पण जीपला ते कोण सांगणार?

नशीब, जीपचं खोकं बिडाचं. चाचांनी टॅप फिरवून आटे साफ केले. जुन्या अमेरिकन गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणाऱ्यांचं दुखणं हेच, फक्त जास्त महाग. शेवरलेच्या पॉवरग्लाइडचं खोकं १९६२ पासून ॲल्युमिनियमचं यायला लागलं. तिथे माझ्यासारखा शहाणा पाना घेऊन उतरला, की आटे बोल्टबरोबरच बाहेर. मग आत स्टीलच्या तारेचे आटे बसवत बसा.

परत कामावर आल्यावर एका शनिवारी ऐरोलीहून नागदेवी स्ट्रीट गाठली. पहिल्या दुकानात विचारलं, "जुन्या जीपच्या गिअरबॉक्सचा बोल्ट आहे?" उत्तर तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या दुकानात तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दुकानात शहाणा झालो होतो. म्हटलं, "पाच-सोळा, यूएनसी, एक इंच लांब, ग्रेड पाच." शेठनी मान वर न करता खोका पुढे सरकवला. डोक्यावर तीन रेघा असलेले, हवे तेच बोल्ट!

तर मुद्दा हा. बोल्ट कुठल्या गाडीचा नसतो. बोल्ट चार गोष्टींचा असतो: व्यास, आटे, लांबी आणि ग्रेड. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये बसून हे युनिफाइड आटे ठरवले. ते आजही छापलेले आहेत, कुणीही पाडू शकतं. पण पार्ट्सच्या पुस्तकात काय असतं? पार्ट नंबर! तो कंपनीच्या मर्जीनं जगतो आणि मॉडेल बंद झालं की मरतो. स्टँडर्ड मरत नाही. गिऱ्हाइकाला नंबर शिकवायचा आणि माप लपवायचं, याला मी सोय म्हणत नाही.

दुसरी जमात 'चालतंय की'वाल्यांची. साध्या हार्डवेअरमधला अडीच सुती बोल्ट बहुतेक वेळा व्हिटवर्थ असतो. आटे तेच अठरा, पण कोन ५५ अंशांचा, यूएनसीचा ६०. तो जाईल, पण बसणार नाही. डोकं कोरं असेल तर ग्रेडचाही पत्ता नाही. घराच्या गेटला लावा खुशाल, गिअरबॉक्सला नको.

आणि तिसरी जमात आपली, पदवीधरांची. हे ५५ आणि ६० अंश मी परीक्षेत आकृतीसकट लिहून आलोय. मार्कही मिळाले. हातात बोल्ट आल्यावर मात्र ओळखला नाही. ज्यानं ओळखला, त्याला आपण 'अनस्किल्ड' म्हणतो. अठरा आटे मोजायला पट्टी आणि नख पुरतं हो, डिग्री लागत नाही!

नंदीग्रामनं मुदखेडला उतरलो आणि ऐटीत पुडी चाचांपुढे ठेवली. त्यांनी एक बोल्ट उचलला, नखानं आटे चाचपले आणि हसले. "मॅसी ट्रॅक्टर में भी येइच आटे रहते. नांदेड में मिल जाते थे. तू पूछा कब?"

सहाशे किलोमीटर! नाही मिळत म्हणे!

जीप चालू आहे. काका परवा स्वतः स्टेशनपर्यंत घेऊन गेले, फुलं नसतानाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'मिळत नाही' म्हटलं, की भंगारवाल्याला फोन करण्याआधी एवढंच विचारा: नक्की काय मिळत नाही? माप सांग.