खोक्यावरचे वॅट नकोत, प्लगवरचे छापा



आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला छोट्या, कमी आवाजाच्या संगणकांवरचा लेख वाचला आणि त्यातला तक्ता पाहून राहवले नाही. ६ वॅट, १५ वॅट, ३५ वॅट, ६५ वॅट अशी प्रोसेसरांची उतरंड लावून शेजारी वीजबचतीचे तारे दिले आहेत. संगणक किती वीज खातो, हे या आकड्यावरून कळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार बंद झाल्यापासून घरोघरी संगणक बदलायचे चालले आहे. अशा वेळी हा तक्ता हातात घेऊन लोक दुकानात जातील आणि ‘३५ वॅटवालाच द्या’ म्हणतील. त्यांचे पैसे जातील म्हणून हे पत्र.

खोक्यावरचा वॅटचा आकडा मुळात उष्णतेचा आहे. ठरावीक वेगाने सतत काम चालले, तर थंड ठेवणाऱ्या यंत्रणेने किती उष्णता बाहेर काढायला हवी, ते तो सांगतो. इंटेलने तर बाराव्या पिढीपासून दोन आकडे द्यायला सुरुवात केली आहे, एक पायाभूत आणि दुसरा कमाल. आय५-१२४००टी या प्रोसेसरचा पायाभूत आकडा ३५ वॅट, पण कमाल ७४. साध्या आय५-१२४०० चे तेच आकडे ६५ आणि ११७. आपल्या तक्त्यात फक्त पहिला स्तंभ आला. दुसरा का गाळला?

या दोन्हींमध्ये सहाच कोअर आहेत आणि पिढीही एकच आहे. ‘टी’ला कारखान्यातून वेसण घालून पाठवले आहे, एवढाच फरक. जोराचे काम आले की तो मंदावतो आणि तेच काम जास्त वेळ करत बसतो. पण आपण पत्र टंकतो, बँकेचे पान उघडतो, पीडीएफ वाचतो, तेव्हा दोघेही जवळजवळ सारखीच वीज घेतात, कारण तेव्हा दोघांनाही काम नसते. घरातला आणि कचेरीतला संगणक दिवसातला बहुतांश वेळ असाच बसून असतो. गाडीच्या कमाल वेगावरून तिचे मायलेज ठरवावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय ज्याला वेसण हवीच आहे, त्याला अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ही मर्यादा स्वतः घालता येते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जीला ६५ वरून ४५ वर आणायची सोय तिथेच असते. ३५ वॅटचा ५६००जीई मुख्यतः तयार संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनाच मिळतो, सुट्या बाजारात सहसा दिसत नाही. त्याच्यासाठी वणवण करण्याचे कारण नाही. हे लेखात एका ओळीत सांगता आले असते.

सहा वॅटवाल्या एन१००ची गोष्ट याहून वाईट. २०२३ च्या जानेवारीत आलेला हा प्रोसेसर खरोखर चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मिनी पीसी बनवणाऱ्या कंपन्या त्याची मर्यादा आपापल्या सोयीने ठरवतात. कुणी १० वॅट ठेवते, कुणी १५, कुणी त्याहून जास्त. प्रोसेसरचे नाव तेच राहते, पण एका डब्यातला पंखा ऐकू येत नाही आणि दुसऱ्यातला घरघरतो. त्याचाच भाऊ एन९५ घ्या. त्याच्यावर १५ वॅट लिहिलेले असते. त्यालाही चारच कोअर आणि कमाल वेगही तोच, ३.४ गिगाहर्ट्‌झ. ग्राफिक्सची एकके मात्र एन१०० मध्ये २४ आणि एन९५ मध्ये १६. म्हणजे ‘वॅट जास्त म्हणजे ताकद जास्त’ हेही खोटे ठरते.

आता ३५ वॅटच्या नावाखाली बाजारात काय विकले जाते ते पाहा. कंपन्यांनी काढून टाकलेले एक लिटर आकाराचे छोटे संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आमच्या अकोल्यापर्यंत सगळीकडे मिळतात. त्यातल्या पुष्कळांत आय५-६५००टी असतो. तो २०१५ चा, चार कोअरचा आणि तोही ३५ वॅटचाच. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही. त्याच्या साधारण तोडीचे काम आज एन१०० करतो. आपल्या तक्त्याच्या हिशेबाने मात्र आय५-६५००टी आणि आय५-१२४००टी यांना सारखेच तारे मिळतात! वाचकाने यातून काय घ्यायचे?

मी इथल्या एका अभ्यासिकेतले संगणक सांभाळतो. स्पर्धा परीक्षांची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात, त्यामुळे वीज आणि आवाज हे दोन्ही आमच्यासाठी रोजचे प्रश्न आहेत. प्लगमध्ये लावायचे वॅटमीटर काही फार महाग नसते. ते लावून पाहिले. ३५ वॅटच्या छोट्या डब्यावर नुसता मराठी मजकूर उघडा असताना आकडा दहाच्या आसपास राहतो. विंडोजचे अपडेट सुरू झाले की पन्नाशी ओलांडतो. ३५ हा आकडा मीटरच्या पडद्यावर दिसला, तर वर चढताना किंवा खाली उतरताना, क्षणभर.

मोठ्या कॅबिनेटच्या संगणकात वीज कुठे जाते, तेही लेखात नाही. ४५० वॅटच्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) ८० प्लस या कार्यक्षमता-प्रमाणपत्राची ब्रॉन्झ किंवा गोल्ड पट्टी असते. त्यासाठीची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ४५० चे २० टक्के म्हणजे ९० वॅट. रिकामा बसलेला संगणक त्याच्या निम्मेही घेत नाही, म्हणजे ज्या स्थितीत तो दिवसभर असतो, ती स्थिती तपासलेलीच नाही. छोट्या डब्याची खरी बचत पुष्कळदा त्याच्या अडॅप्टरमध्ये आणि साध्या बोर्डात असते, पण श्रेय प्रोसेसरवरच्या आकड्याला मिळते. २००८ मध्ये आलेल्या अॅटम ३३० चा आकडा ८ वॅट होता आणि त्याच्या सोबतच्या ९४५जीसी चिपसेटचा २२. इंटेलच्या त्या बोर्डावर पंखा प्रोसेसरवर नव्हता, चिपसेटवर होता. इतकी वर्षे झाली, तरी आपण प्रोसेसरचेच वॅट मोजत बसलो आहोत.

हिशेब अवघड नाही. दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर प्लगवरचा एक वॅट वाचला की वर्षाला ३ युनिट वाचतात. २० वॅट वाचले तर ६० युनिट. दर ज्याने त्याने आपल्या बिलावर पाहावा.

आवाजाबद्दल आपल्या लेखकाने ‘अतिशय शांत’ एवढेच लिहिले. कोणत्या खोलीत? प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतो. खोली २५ अंशांची असेल तर ७५ अंशांचे अंतर हाताशी असते. मे महिन्यात आमच्याकडे खोलीतच ४२ होतात, मग उरतात ५८. तेवढीच उष्णता काढायला पंख्याला जोरात फिरावे लागते, आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. त्यात हीटसिंकच्या फटींत धुळीचा थर. वातानुकूलित खोलीतली ‘शांतता’ विदर्भातल्या वाचकाला सांगू नका.

जाता जाता अभ्यासिकांच्या खरेदी समित्यांबद्दलही लिहितो, कारण त्या असे लेख कात्रण करून फायलीत लावतात. अटीत ठरलेले वाक्य असते: ‘आय५ किंवा त्यावरील’. इंटेलने २०२३ पासून छोट्या प्रोसेसरांची पेंटियम, सेलेरॉन ही नावे काढून टाकली, म्हणून एन१००च्या मागे आता कोणतेच बिरूद नाही. तेवढ्यावर तो बाद होतो आणि दहा वर्षांपूर्वीचा आय५ पास होतो. पैसा लोकवर्गणीचा, आणि निवड नावावरून!

छताच्या पंख्यालाही २०२३ पासून वीजबचतीचे तारांकन सक्तीचे झाले आहे. डेस्कटॉप संगणकाला तशी सक्ती नाही. अॅपल आपल्या मॅक मिनीचे रिकाम्या आणि कमाल स्थितीतले वॅट जाहीर करते. एम४ मॉडेलसाठी ते ४ आणि ६५ आहेत. हे एका कंपनीला जमते, तर इतरांकडे मागायला काय हरकत आहे? ऊर्जा दक्षता ब्युरोने ते मागावे. तोवर आपण एवढे करा: तो तक्ता मागे घ्या, आणि पुढच्या वेळी प्रत्येक संगणकासमोर तीनच आकडे छापा. रिकामा असताना प्लगवरचे वॅट, पूर्ण भारावर प्लगवरचे वॅट, आणि चाळीस अंशांच्या खोलीत हातभर अंतरावरून मोजलेला आवाज.

– एक वाचक, अकोला