मोबाईल दिले, पुढचे कोणी पाहायचे?

सातारा/सांगली : कर्मचाऱ्यांच्या हाती मोबाईल संच देणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. साखर कारखान्यांचा शेती विभाग असो, दूध संघ असो, पतसंस्था असो की कुपवाड आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींतील कारखाने. कागदी वह्यांच्या जागी मोबाईलवरील नोंदी आणण्याचा विचार सर्वत्र होताना दिसतो. मात्र अशा बहुतेक बेतांमध्ये चर्चा संचाच्या किमतीपाशी सुरू होते आणि निविदा उघडली की संपते. खरेदीलाच योजना समजले की काय घडते, याचा मोठा धडा महाराष्ट्राने अंगणवाड्यांच्या निमित्ताने घेतला आहे.

केंद्र सरकारचे पोषण अभियान ८ मार्च २०१८ रोजी सुरू झाले. अंगणवाडी सेविकांच्या जाडजूड नोंदवह्या जाऊन मुलांची वजन-उंची, गरोदर मातांची नोंद आणि आहारवाटपाचा हिशेब मोबाईलवर यावा, हा त्यामागील हेतू होता. हेतू चांगला होता, यात शंका नाही. त्यानुसार राज्यात २०१९ मध्ये सेविकांना स्मार्टफोन मिळाले. मार्च २०२१ मध्ये आधीच्या ॲपच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले आणि तेथून गाडी रुळावरून घसरू लागली. अवघी दोन जीबी रॅम असलेले संच नव्या ॲपचा भार पेलत नव्हते. ते तापत, मध्येच बंद पडत. हमीची मुदत संपल्याने दुरुस्तीचा खर्च पदरून करावा लागतो, अशी सेविकांची तक्रार होती. त्यातच नवे ॲप इंग्रजीत होते. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ४ डिसेंबर २०२३ पासून झालेल्या दीर्घ संपातही मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीबरोबर नव्या मोबाईलची मागणी कायम होती.

या घटनाक्रमात चूक नेमकी कोठे झाली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. संच निवडला गेला तेव्हाच्या ॲपसाठी. वापरावा लागला दोन वर्षांनंतरच्या ॲपसाठी. प्रत्येक नवी आवृत्ती अधिक जागा आणि अधिक क्षमता मागते. त्यामुळे आजची गरज भागवणारा स्वस्त संच उद्या महाग पडतो. खर्चाचा हिशेब मांडल्यास हे स्पष्ट होते. समजा, पाचशे कर्मचाऱ्यांना प्रत्येकी दहा हजार रुपयांचा संच दिला, तर खरेदीचे पन्नास लाख होतात. दरमहा दोनशे रुपयांचे रिचार्ज धरले तरी तीन वर्षांत त्यावर छत्तीस लाख जातात. दहा टक्के राखीव संचांचे आणखी पाच लाख. दुरुस्ती, प्रशिक्षण आणि मदतकेंद्र यांचा खर्च वेगळाच. यातील केवळ पहिला आकडा मंजूर झाला, तर उरलेले आकडे नाहीसे होत नाहीत. ते सर्वांत कमी मिळकत असलेल्या माणसाच्या खिशावर पडतात.

दुसरा प्रश्न भूगोलाचा. जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतील कोयनेच्या जलाशयाकाठची गावे आणि चांदोलीलगतचा शिराळ्याचा डोंगराळ भाग येथे नेटवर्कचा भरवसा देता येत नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत बसून चाचणी घेतलेले ॲप तेथे चालेलच असे नाही. नेटवर्क नसताना नोंद संचातच साठवून, ते मिळाल्यावर आपोआप पुढे पाठवण्याची सोय असलीच पाहिजे. जत तालुक्याच्या पूर्व भागातील गावांत कन्नड बोलली जाते. तेथे ॲपच्या भाषेचा प्रश्न मराठी-इंग्रजीपुरताही मर्यादित राहत नाही.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा आहे आणि तोच सर्वांत गंभीर. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर पडताळणे बंधनकारक झाले. म्हणजे संच अडला, नेटवर्क गेले किंवा चेहरा जुळला नाही, तर अडते ते गरोदर मातेच्या आणि बाळाच्या आहाराचे वाटप. त्या वेळी दारात उभ्या असलेल्या आईला उत्तर द्यावे लागते ते सेविकेला. ॲप तयार करणाऱ्याला नव्हे. कंपन्यांतही वेगळे घडत नाही. बंद पडलेल्या संचामुळे हजेरी लागली नाही, तर पगार कर्मचाऱ्याचाच कापला जाण्याची भीती असते.

म्हणूनच मोबाईल वाटपाची आखणी निविदेपासून नव्हे, तर सर्वांत दूरच्या कर्मचाऱ्याच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी. आधी अडचणीच्या गावांत किंवा पाळ्यांत मोजक्या संचांवर दोन-तीन महिने प्रयोग करावा. संच हरवला, फुटला वा बिघडला तर खर्च कोणाचा, हे वाटपापूर्वीच लेखी ठरवावे. तालुक्याच्या ठिकाणी राखीव संच ठेवून बदली संच एका दिवसात मिळेल, अशी व्यवस्था करावी. कामाच्या मोबाईलवर आस्थापनेची नजर कोठवर राहील, कामाच्या वेळेनंतर ठावठिकाणा नोंदवला जाईल का, हेही कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावे. आणि यंत्र बंद पडल्यास वहीत केलेली नोंद ग्राह्य धरली जाईल, असा नियम स्पष्ट शब्दांत असावा.

२०२१ मध्ये परत आलेले मोबाईल म्हणजे तंत्रज्ञानाला झालेला विरोध, असा अर्थ काढणे सोपे होते. प्रत्यक्षात सेविकांनी काम करण्यास नकार दिला नव्हता; काम होऊ शकेल असे साधन आणि आपली भाषा मागितली होती. नव्या खरेदीच्या फायलीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक आस्थापनेने हा फरक ध्यानी घ्यायला हवा.