भोवऱ्याला बांधलेली बॅटरी

मागच्या वेळी पल्सारबद्दल लिहिताना दीपगृहाची उपमा दिली होती. त्यावर अकरावीतल्या एका वाचक मुलीने विचारलं, "झोत आपल्यावरून गेला तरच तारा दिसणार, मग ज्यांचा झोत आपल्याकडे वळतच नाही त्यांचं काय?" हे पान तिच्यासाठी.

दीपगृह सोडून भोवरा घेऊ. त्याला छोटी बॅटरी तिरकी बांधा. भोवरा एका अक्षाभोवती फिरतो, प्रकाश मात्र तिरका जातो. पल्सारचा चुंबकीय अक्षही असाच कललेला असतो. तो किती कललाय हा एक कोन आणि आपण फिरण्याच्या अक्षापासून किती अंशांवर आहोत हा दुसरा. पण जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या, शेकडो प्रकाशवर्षं दूर असलेल्या गोळ्याला कोनमापक लावायचा कुठे?

पहिली वाट दाखवली ती व्ही. राधाकृष्णन (सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव) आणि डी. जे. कुक यांनी, १९६९ साली. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने वेला पल्सारचं निरीक्षण झालं होतं. रेडिओ लहरी एका ठरावीक प्रतलात कंप पावतात, आणि स्पंद आपल्यावरून सरकताना ते प्रतल वळत जातं. मधोमध ते किती झपाट्याने वळतं, यावरून आपली नजर चुंबकीय ध्रुवाच्या किती जवळून गेली ते कळतं. मात्र बहुतेकदा हाती लागतं ते दोन कोनांमधलं नातं. समीकरण एक, अज्ञात दोन! दहावीच्या बीजगणितात आपण इथेच अडतो.

दुसरं समीकरण गॅमा किरणांतून आलं. २००८ साली फर्मी दुर्बीण अवकाशात गेली. वेला सेकंदाला सुमारे ११ फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत रेडिओचा एक स्पंद येतो, गॅमाचे मात्र दोन ठळक. पहिला रेडिओनंतर साधारण ११ मिलिसेकंदांनी, दुसरा त्यानंतर सुमारे ३८ मिलिसेकंदांनी. म्हणजे दोन्ही झोत एका जागचे नाहीत. गॅमा ध्रुवाच्या लगेच वरून निघत असते, तर तिथल्या प्रचंड चुंबकीय क्षेत्राने त्यांतले सर्वांत जोरकस किरण गिळून टाकले असते आणि वर्णपट एकदम तुटला असता. फर्मीला तो सावकाश उतरताना दिसला. तेव्हा गॅमा खूप उंचावरून येतात. वेलाच्या बाबतीत सुमारे सव्वाचार हजार किलोमीटरवर अशी हद्द आहे, जिथे ताऱ्याबरोबर फिरायचं तर प्रकाशाचा वेग लागेल. उगम त्या हद्दीच्या आसपासचा. तिथून ते पंख्यासारखे रुंद पसरतात. दोन गॅमा स्पंदांमधलं अंतर त्याच दोन कोनांवर ठरतं. अर्थात उगमाचं चित्र बदललं की उत्तरही थोडं बदलतं, आणि त्यावर अजून वाद चालू आहेत.

आता त्या मुलीचा प्रश्न. रेडिओचा झोत अरुंद, गॅमाचा रुंद. म्हणून रेडिओत हुकलेला तारा गॅमात सापडू शकतो. जेमिंगा हे त्याचं जुनं उदाहरण. मिलानच्या बोलीत या नावातून 'ते नाहीच आहे' असा अर्थ निघतो! सत्तरच्या दशकात सापडलेला हा गॅमा-स्रोत म्हणजे कोण, याचा उलगडा १९९२ मध्ये त्याचे २३७ मिलिसेकंदांचे ठोके मिळाल्यावर झाला. फर्मीने असे डझनावारी शोधले. दोन्ही झोत हुकवणारे उरतातच. त्यांची संख्या झोतांच्या रुंदीवरून अंदाजायची, आणि त्यासाठीच हे कोन हवेत.

उलटा प्रवासही होतो. फर्मीने दाखवलेल्या एका अनोळखी स्रोताकडे नारायणगावजवळच्या खोडदची, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी वळवली, तेव्हा २०१३ मध्ये जाहीर झालेला, सेकंदाला साडेचारशेहून जास्त फेऱ्या मारणारा पल्सार सापडला. २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलात तर एक दिवस काढा, आणि हा प्रश्न तिथेही विचारा.