कबड्डीच्या फोटोसाठी कॅमेरा घेताना

वस्तीतली काही मुले हल्ली कबड्डीच्या सामन्यांचे फोटो काढून चार पैसे मिळवू पाहतात. चांगलीच गोष्ट आहे. पण कॅमेऱ्यासाठी पतपेढीचे कर्ज काढण्याआधी दुकानदाराला काय विचारायचे, हे आईवडिलांनाही ठाऊक हवे.

दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो. तो आकडा सोडून द्या; २० पुष्कळ झाले. चढाईला गेलेला खेळाडू रेषेकडे झेपावतो, तो क्षण टिपायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटावे लागते. एवढ्यात आत उजेड येणार किती? त्यात आपले सामने रात्री, दिव्यांखाली! म्हणून पैसा घालायचा तो लेन्समध्ये. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स पूर्ण लांबवली की तिचा उजेडाचा आकडा ५.६ होतो. ८५ मिलीमीटरची १.८ आकड्याची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. आकडा लहान तितका उजेड जास्त, हे मुलांकडून पाठ करून घ्या.

मग सेकंदाला किती फोटो निघतात ते पाहा. २०१४ साली आलेला कॅनन ७डी मार्क २ दहा काढतो. असा वापरलेला कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे शटर आजवर किती वेळा चालले ते विचारा. कंपनीने ते दोन लाख वेळांपर्यंत तपासलेले आहे. लग्नसराईत राबलेला कॅमेरा तिथवर लवकर पोचतो. बिल मागाच. आणि पैसे मोजण्याआधी मुलाला दुकानाबाहेर उभे करून धावत्या रिक्षांचे वीस-पंचवीस फोटो काढायला लावा.