आकाशाचा रोजमेळ

व्यापाऱ्याच्या घरात मुलाला हिशेब फळ्यावर शिकवावा लागत नाही. गल्ल्याशेजारी बसून तो आवक-जावक पाहतो, काटा वाचतो, रात्री रोजमेळ जुळताना ऐकतो आणि दहाव्या-बाराव्या वर्षी तोंडी व्याज सांगू लागतो. हवामानाचे ज्ञान मात्र याच मुलाला केवळ पुस्तकातून आणि परीक्षेपुरतेच मिळते. बालभारतीच्या सहावीच्या भूगोलात ‘हवा व हवामान’ आणि ‘तापमान’, सातवीत ‘हवेचा दाब’ आणि ‘वारे’, आठवीत ‘आर्द्रता व ढग’, नववीत ‘वृष्टी’, अशी मांडणी क्रमवार व विचारपूर्वक केलेली आहे. पाठ उत्तम आहेत. त्यांची आणि खिडकीबाहेरच्या आकाशाची गाठ घालून देणे तेवढे राहून जाते.

“मुलगा पुढे वाणिज्य शाखेला जाणार, पेढी सांभाळणार, ढगांची नावे पाठ करून त्याला काय लाभ?” असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पालघर-बोईसरच्या भूगोलातच दडलेले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगर, मध्ये लोहमार्ग. एकीकडे सातपाटीचे कोळी बांधव, दुसरीकडे डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या. तारापूरची रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीज देणारे अणुविद्युत केंद्र. हवेची दिशा, तिचा ओलावा आणि तिची लहर यांच्याशी इतका निकट संबंध असलेला प्रदेश शोधूनही सापडणे कठीण.

आरंभ शब्दापासूनच करावा. श्वासात घेतो ती हवा, आणि ‘आज हवा कुंद आहे’ असे म्हणतो तीही हवा. शास्त्र यात एक भेद करते. एखाद्या ठिकाणची त्या वेळची स्थिती म्हणजे हवा, आणि दीर्घकाळाची सरासरी म्हणजे हवामान. त्यासाठी साधारणतः तीस वर्षांच्या नोंदी धरतात. पेढीच्या भाषेत सांगायचे तर आजचा गल्ला ही हवा आणि तीस वर्षांचा ताळेबंद हे हवामान. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. ही एका वर्षाची नोंद झाली. एका दिवसाच्या मंदीवरून कोणी पेढीचा निवाडा करीत नाही. ऋतूंचा निवाडाही एका वर्षावरून करू नये, हे मुलांना या उदाहरणाने चटकन उमगते.

दुसरी गोष्ट वजनाची. हवेला वजन असते, हे मुले पाठ करतात. परंतु किती, हे क्वचितच विचारतात. समुद्रसपाटीला एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो, म्हणजे एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा गादीवर सुमारे दहा टन! एका मालमोटारीचा भार आपण अंगावर वागवीत असतो आणि तो जाणवत नाही, कारण हवा सर्व बाजूंनी आणि आतूनही तितकाच दाब देते. कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. उरलेल्या एका टक्क्यात बाकीचे सारे वायू येतात. पाण्याची वाफ यात कमी-अधिक प्रमाणात मिसळलेली असते आणि सारा पाऊस त्या थोडक्या वाफेतूनच येतो.

दाब सर्वत्र सारखा नसतो, म्हणून वारा वाहतो. माल जसा मुबलकतेच्या गावाकडून टंचाईच्या गावाकडे जातो, तशी हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते. केळवे वा चिंचणीच्या किनाऱ्यावर हे प्रत्यक्ष अनुभवता येते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते, आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे हा खेळ झाकला जातो. कोरड्या महिन्यांत तो स्पष्ट दिसतो.

आता हाच पाठ तारापूरच्या धुराड्यांकडे पाहून वाचावा. दिवसा धूर वर जातो, विरतो आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर लोहमार्गाच्या दिशेने सरकतो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन इतकी थंड होते की तिला लगटलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. एरवी उंचीबरोबर तापमान घटते. येथे ते वाढते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. या थराचे जणू झाकण बसते. धूर वर जाऊ शकत नाही आणि उग्र वास पहाटेपर्यंत वस्तीत रेंगाळतो. ऊन चढल्यावर जमीन तापते, झाकण मोडते आणि वास ओसरतो.

हे ज्ञान प्राणांशी निगडित आहे. ११ जानेवारी २०२० रोजी याच वसाहतीतील स्फोटात कामगारांचे प्राण गेले, हे परिसर विसरलेला नाही. वायुगळतीच्या प्रसंगी पहिला प्रश्न एकच असतो: वारा कोठून कोठे वाहतो आहे? धूर, झेंडा किंवा कारखान्याच्या आवारातील कापडी वातपिशवी पाहून हे क्षणात कळते. गळतीच्या ठिकाणाकडे जाऊ नये आणि वाऱ्याच्या पुढे त्याच दिशेने धावूही नये. वाऱ्याला आडवे, काटकोनात निघून त्या पट्ट्याबाहेर पडावे. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो सखल जागी साचतो, म्हणून तळघर टाळून उंच जागा गाठावी. दरवाजे-खिडक्या बंद करून घरातच थांबण्याची सूचना प्रशासनाने दिली, तर ती पाळावी. ज्या मुलाला ‘वारे’ हा पाठ खऱ्या अर्थाने समजला, तो अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनाही वाट दाखवू शकेल.

आर्द्रतेचा पाठ तर दुकानातच आहे. श्रावणात गुळाला पाझर का फुटतो, मिठाची बरणी ओली का होते, डाळीला बुरशी का येते? उष्ण हवा अधिक वाफ सामावून घेते. तापमान एक अंशाने वाढले की ही क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तीच हवा गार भिंतीला किंवा फरशीला स्पर्श करते, तेव्हा ती वाफ सोडते आणि पाणी सुटते. थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तो याच नियमाने. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते. म्हणून कुंद दिवशी ‘हवा खेळू द्या’ म्हणून गोदामाची दारे सताड उघडणे हितावह नाही. ऊन पडून हवा कोरडी झाल्यावरच ती उघडावीत आणि पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत. पूर्वजांनी हे अनुभवाने जाणले होते. शाळा त्याचे कारण सांगते.

पावसाच्या मोजमापातही हिशेबाचा आनंद आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार, अशी हवामान विभागाची विभागणी आहे. दोनशे चौरस मीटरच्या गोदामाच्या छपरावर दोनशे मिलिमीटर पाऊस पडला, तर चाळीस हजार लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जायला हवे. पन्हाळी तुंबली असेल, तर ते कोठे जाईल, हे सांगायला नको. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग मुलांनी घरात समजावून सांगावेत.

हवामान विभागाची वेधशाळा डहाणूला आहे. तेथील आकडा मोलाचा. परंतु तो बोईसरच्या गल्लीचा आकडा नव्हे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईतील कुलाब्याला अवघा ७३. म्हणून प्रत्येक शाळेची, शक्य तर प्रत्येक घराची, स्वतःची नोंद असावी.

त्याची सोय आपल्या घरांत अर्धी झालेलीच आहे. नवकारशी आणि चौविहार यांसाठी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आपण नित्य पाहतो. वर्षाकाळात जीवोत्पत्ती वाढते, म्हणून साधू-साध्वी चातुर्मासात एके ठिकाणी स्थिर राहतात. ऋतूची जाण आपल्या आचारात पूर्वापार आहे. त्या वेळांशेजारी वहीत आणखी चार रकाने आखावेत: तापमान, वाऱ्याची दिशा, ढग, पाऊस. तापमापक सावलीत, भिंतीपासून दूर टांगावा. उभट, सरळ बाजूंच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा बसवावा, तळाशी खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरावे आणि बाजूला मोजपट्टी चिकटवावी; वर्षामापक तयार झाला. तो गच्चीवर उघड्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता वाचावा, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवसही याच वेळी बदलतो. वाऱ्यासाठी काठीला बांधलेली कापडाची चिंधी पुरते. वारा जिकडून येतो, त्या दिशेचे नाव त्याला द्यायचे, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्या समाजातील दाते शाळांना पंखे, बाके, संगणक उदारपणे देतात. पुढच्या वेळी देणगीचा विचार होईल तेव्हा शाळेच्या अंगणात पांढरी, झडपांची तापमापक-पेटी, प्रमाणित वर्षामापक आणि वातदिशादर्शक यांचाही विचार व्हावा. ज्या दिवशी विद्यार्थी प्रार्थनेनंतर कालचा पाऊस वाचून दाखवतील, त्या दिवसापासून भूगोलाचा तास गावाच्या उपयोगी पडू लागेल.

येत्या दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होईल, तेव्हा त्यांत मुलांच्या हातची ही एक वहीही असू द्यावी. पाच वर्षांनी ती उघडली, तर पन्हाळी कधी साफ करावी, माल कधी भरावा आणि कोणत्या पहाटे खिडक्या मिटून घ्याव्यात, याचे उत्तर घरच्याच अक्षरात लिहिलेले सापडेल.