सांधे आखडतात तेव्हा मंडळीने काय करावे?



मंडळीतील आजारी सभासदांच्या घरी भेटीला जाणारे आम्ही काही स्वयंसेवक. या भेटींत एक वाक्य वारंवार कानी पडते, "काही नाही हो, वात आहे. थंडी सरली की जाईल." पुष्कळदा ते खरेही असते. पण कधी कधी त्या 'वाता'च्या आड असा आजार दडलेला असतो, जो थंडी सरली तरी जात नाही. त्याचे नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्याला आमवात म्हणतात. या आजाराबाबत आमचे मत स्पष्ट आहे. येथे मंडळीची प्रार्थना जितकी गरजेची, तितकीच तिची घाईही गरजेची आहे.

उतारवयात गुडघे झिजून दुखतात, तो संधिवात वेगळा. आमवात बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कामाच्या वयात गाठतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. रोगजंतूंशी लढण्यासाठी देवाने शरीराला जी शक्ती दिली, तीच येथे चुकून सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड पोखरू लागते. सांधेच नव्हे, तर फुप्फुसे, डोळे आणि हृदय यांनाही त्याची झळ लागू शकते.

ओळखीच्या खुणा घरातच दिसतात. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत आणि हा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो. भाकरी थापवत नाही, कुकरचे झाकण लागत नाही, लग्नातली अंगठी निघत नाही. बहुधा दोन्ही हातांची किंवा दोन्ही पायांची तीच तीच लहान सांधी सुजतात. अंगात कसर वाटते, थकवा जात नाही. असे काही आठवडे चालले, तर तेल चोळत बसू नये. संधिवाततज्ज्ञांकडे जावे. आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सी.सी.पी. या रक्ताच्या तपासण्या निदानाला मदत करतात. मात्र त्या निर्दोष आल्या तरी आजार असू शकतो, म्हणून निकाल डॉक्टरांनाच लावू द्यावा.

या आजाराच्या चार पायऱ्या सांगतात. एक्स-रेवरून अशी विभागणी १९४९ साली अमेरिकेतील ऑटो स्टाइनब्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. पहिल्या पायरीवर सूज व वेदना असतात, पण सांध्याची मोडतोड दिसत नाही. दुसरीवर हाड विरळ होते आणि कूर्चेला धक्का लागू लागतो. तिसरीवर कूर्चा व हाड दोन्ही झिजून बोटे वाकडी होतात. चौथीवर सांधा जुळून जातो, हलतच नाही. पण हा काही प्रत्येकाने उतरलाच पाहिजे असा जिना नव्हे. पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषध सुरू झाले, तर आज पुष्कळ जण वरच्याच पायरीवर थांबतात. काहींचा आजार तर शांतही होतो. झिजलेले हाड मात्र औषधाने सहसा परत येत नाही. म्हणून घाई.

डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे उदाहरण घ्या. दक्षिण आफ्रिकेतील एका मिशन मंडळीच्या पाळकाचा हा मुलगा. १९५६ साली त्यांना आमवात असल्याचे निदान झाले. तरीही ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये माणसाच्या हृदयाचे जगातील पहिले प्रत्यारोपण त्यांच्याच हातांनी केले. पुढे याच आजाराने बोटे साथ देईनाशी झाली आणि १९८३ साली त्यांनी शस्त्रक्रिया थांबवली. निदान झाले म्हणजे हात संपले असे नाही, आणि धैर्य असले म्हणजे आजार थांबतो असेही नाही. दोन्ही गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात.

आता एक नाजूक गोष्ट. "विश्वास असेल तर गोळ्या कशाला?" असे कोणी रुग्णाला विचारू नये. या आजारात बरे वाटण्याचे दिवस येतात, तेव्हा साक्ष द्यावी, देवाचे उपकार मानावेत, पण गोळी बंद करू नये. पौलाने ज्याला प्रिय वैद्य म्हटले, तो लूक त्याच्यासोबत होता, हे आपण विसरू नये. या आजारावर नेहमी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतते. त्यासाठी वार ठरवावा, घरातल्या कोणाला तरी तो ठाऊक असावा, रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत. मूल हवे असलेल्या दांपत्याने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गर्भारपणात हे औषध चालत नाही. 'हमखास गुण' देणाऱ्या पुड्यांपासूनही सांभाळा. त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले आढळते. आणि नुसत्या वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, झीज थांबत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री आहे. तिला कोणता आजार होता हे आपण ठरवू नये. पण ती कोठे होती, ते पाहा. ती सभास्थानात होती. तिने काही मागितल्याचे लिहिलेले नाही. प्रभूनेच तिला पाहिले, बोलावले, तिच्यावर हात ठेवले. सभास्थानाच्या अधिकाऱ्याने मात्र बरे होण्यासाठी दुसऱ्या दिवशी या म्हणून लोकांना सुनावले. उपासनेला येणारे दुखणे 'नंतर पाहू' म्हणून पुढे ढकलणे ही जुनीच सवय आहे, आणि प्रभूला ती मान्य नव्हती.

म्हणून प्रत्येक पायरीवर मंडळीचे काम वेगळे आहे, असे आम्हांला वाटते. पहिल्या पायरीवर काम इतकेच की बहिणीचे दुखणे खरे मानावे आणि कोणीतरी तिच्यासोबत दवाखान्यात जावे. सूज बाहेरून दिसत नाही, म्हणून तिला आळशी ठरवू नये. दुसरीवर औषधाच्या आणि तपासणीच्या खर्चाची गुपचूप विचारपूस करावी. तिसरीवर मंदिरात बदल करावेत. पुढच्या ओळीत हातांची खुर्ची ठेवावी, पायरीला कठडा लावावा. प्रभुभोजनाला गुडघे टेकता येत नसतील, तर उभ्याने वा बसून घेण्यात संकोच वाटू नये. शांतीच्या सलामाच्या वेळी हात करकचून दाबू नये, हात जोडले तरी पुरे. उपासना संगीताचे पुस्तक शेजारणीने धरावे. चौथीवर मंडळीनेच घरी जावे, आणि नुसते सांत्वन करून परतू नये. त्या व्यक्तीला काम द्यावे. फोनवरून प्रार्थना करता येते, संडेस्कूलच्या मुलांना वचन शिकवता येते.

पौलाने मंडळीला शरीर म्हटले आहे. आमवातात शरीर स्वतःच्याच अवयवाला परका समजून मारते. दुखणाऱ्याला 'तुझाच विश्वास कमी' म्हणणारी मंडळी वेगळे काय करते? आपण तसे शरीर होऊ नये.

हे वाचताना ज्यांची बोटे दुखत आहेत, त्यांनी याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी. एकट्याने जाणे अवघड वाटत असेल, तर आम्हांला कळवा. आम्ही सोबत येऊ.

हे प्रभू, ज्यांचे हात सकाळी उघडत नाहीत, त्यांचा हात तू धर. त्यांच्या डॉक्टरांना शहाणपण दे आणि आम्हां सर्वांना त्यांच्या बाजूला उभे राहायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.