अर्जदाराचं नाव ग्रुपवर जातं कसं?

माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की पोलीस, पुढारी आणि घरची माणसं एकच सल्ला देतात : फेसबुकवर फार लिहू नका. सल्ला काळजीपोटी असेल, पण कुलूप भलत्याच दाराला लागतं. कार्यकर्ता स्वतः काय लिहितो, यापेक्षा त्याच्याविषयी कचेरीतून काय बाहेर पडतं हे जास्त घातक असतं.

1. वाळूउपसा असो, गायरानावरचं अतिक्रमण असो की रोजगार हमीची हजेरीपत्रकं. माहिती मागणाऱ्या अर्जावर नाव-पत्ता असतो, बहुधा मोबाइल नंबरही. मागितलेली माहिती तिसऱ्याच कुणाची असेल आणि त्याने ती गोपनीय म्हणून दिलेली असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे त्या त्रयस्थ पक्षाला पाच दिवसांत नोटीस जाते. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढाच तिचा हेतू. अर्जदार कोण हे त्याला कळवा, असं त्या कलमात कुठेही नाही. पण नोटिशीला अख्ख्या अर्जाची झेरॉक्स जोडली, किंवा टेबलावरच्या अर्जाचा कुणी फोटो काढला, की संपलं. पूर्वी अशी बातमी पारावर पोचायला दोन दिवस लागत. आता फोटो थेट गावच्या ग्रुपवर पडतो, नंबरासकट.

2. सत्येंद्र दुबे यांचं प्रकरण फेसबुकच्याही आधीचं आहे, म्हणूनच इथे घेतो. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार या अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयच्या तपासात तो लुटमारीतला खून ठरला. तो निष्कर्ष अनेकांना पटला नाही. पण नाव फुटलं होतं, याबद्दल वाद नाही. तेव्हा ते फाइलीच्या वेगाने फुटलं, एवढाच फरक.

3. अर्जदाराला कारण विचारू नये आणि संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे काही मागू नये, असं कलम 6(2) सांगतं. पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी पुरे, असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2013 मध्येच म्हटलं. मग ही सोय अर्जाच्या छापील नमुन्यावरच लिहा. गंमत अशी, की 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम 8 बदलून वैयक्तिक माहितीचं कुंपण आणखी उंच केलं. साहेबांच्या मालमत्तेचा तपशील त्या कुंपणाआड आणि अर्जदाराचा पत्ता चव्हाट्यावर!

4. ऑनलाइन धमकी आली की कार्यकर्ता स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात जातो आणि हाती ‘एनसी’ची पावती घेऊन परततो. धमकीचा गुन्हा बहुधा अदखलपात्र म्हणून नोंदवला जातो आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस करू शकत नाहीत. तो आदेश पोलिसांनी स्वतःहून मागावा. अर्जदाराला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नये. तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टींनी जमीन घोटाळे बाहेर काढले, धमक्या आल्यावर संरक्षण मागितलं. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांना मारण्यात आलं.

5. काही जण म्हणतात, सगळं जगजाहीर करावं, प्रसिद्धी हीच ढाल. त्यांनी राजापूर आठवावं. बारसूच्या रिफायनरी प्रकल्पाविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी 6 फेब्रुवारी 2023 ला छापून आली. त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. प्रसिद्धी एकट्याच्या नावावर झाली तर ती ढाल होत नाही, नेम धरायला सोपं जातं. मारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो : विचारणारा गेला की विषय मिटतो. तो हिशेब चुकवायचा तर माहिती कचेरीनेच, कचेरीच्या नावाने संकेतस्थळावर टाकली पाहिजे. अर्जदारावर हल्ला झाला तर त्याने मागितलेली माहिती संबंधित खात्याने आपणहून जाहीर करावी, अशा अर्थाचा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने 2011 मध्ये केला होता. माझ्या मते या सगळ्यात हाच सर्वांत कामाचा उपाय आहे. राज्याने त्याला नियमाचं रूप द्यावं आणि हल्ल्याची वाट न पाहता धमकीची नोंद होताच तो लागू करावा.

6. ग्रुप अ‍ॅडमिननी अर्जाचे फोटो काढून टाकावेत. कार्यकर्त्यांनी पाहणीचे फोटो घरी पोचल्यावर टाकावेत, कागदांच्या प्रती आणखी दोघांकडे ठेवाव्यात. याहून जास्त ओझं त्यांच्यावर नको.

7. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अमलात आणणारी अधिसूचना तेवढी निघालेली नाही. निघाली तरी निनावी तक्रार त्यात चालत नाही, म्हणजे नाव पुन्हा कचेरीतच द्यायचं. त्यामुळे अधिसूचना मागताना, नाव फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या कायद्यात असलेली शिक्षा माहिती अधिकाराच्या अर्जांनाही लागू करा, हेही सोबत मागावं लागेल.